नेरळ-माथेरान: वाफ, डिझेल आणि एअर ब्रेक

नेरळहून माथेरानच्या डोंगरावर चढणारी, 1907 साली सुरू झालेली ही दोन फुटी गेजची (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर दोन फूट) रेल्वे लाईन. चढ काही ठिकाणी 20ला 1, वळणं इतकी आवळलेली की साधं इंजिन रुळांवरून उतरेल. म्हणून जुन्या जर्मन वाफेच्या इंजिनांच्या टोकाच्या चाकांच्या आसांना थोडं आडवं सरकायची मुभा होती. यंत्र म्हणून त्यांना आजही तोड नाही.

आता डिझेल आहे. दिसायला रुक्ष डबा, पण पाणी भरायची कटकट नाही. खरा फरक मात्र ब्रेकचा. पूर्वी उतारावर डब्याडब्यांत ब्रेकवाले बसून हँडब्रेक आवळत. सगळ्यांचा दाब सारखा पडायचा नाही. 2016मध्ये डबे घसरल्यावर गाडी बंद झाली, नंतर एअर ब्रेक आले, म्हणजे हवेच्या दाबाने सगळ्या डब्यांना एकत्र लागणारे ब्रेक. हा बदल वाफ जाऊन डिझेल आलं त्याहून महत्त्वाचा!

मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबा फोटोंना झकास. पैसे वाचवायचे तर सेकंड क्लासची खिडकी पुरेशी. नेरळहून वर जायला अडीच तासांच्या वर लागतात. घाई असेल तर वर दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी, पुढे तिथल्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानपर्यंत ये-जा करणारी छोटी गाडी, म्हणजे शटल. पावसाळ्यात घाटातली गाडी बंद असते, तेव्हा शटलवरच भिस्त.