कोमो लेक: पासालाक्वा की विला देस्ते?

दोन्ही हॉटेलं इटलीतल्या कोमो लेकवरच, पण स्वभाव एकदम वेगळा. चेर्नोब्बिओचं विला देस्ते 1568 च्या सुमाराला एका कार्डिनलसाठी (कॅथलिक चर्चचा बडा धर्मगुरू) बांधलेलं आणि 1873 पासून हॉटेल, म्हणजे तिथे पाहुणचार मुरलेला आहे, पाण्यावर तरंगणारा स्विमिंग पूल वगैरे थाट आहेच, पण खोल्या दीडशेच्या आसपास, त्यामुळे गर्दी आलीच.

मोल्त्रासिओचं पासालाक्वा मात्र अठराव्या शतकातलं काउंटचं घर, संगीतकार बेल्लिनी इथे राहिलेला, आणि हॉटेल झालं थेट 2022 ला! फक्त 24 खोल्या, पाण्यापर्यंत उतरत जाणारी बाग, त्यामुळे कुणाच्या तरी घरी उतरल्यासारखं वाटतं. पुढच्याच वर्षी जगातल्या 50 बेस्ट हॉटेलांत पहिलं आलं, त्यामुळे स्वस्ताईची आशा नकोच (दोन्हीकडे).

लग्नबिग्न, मोठा गोतावळा असेल तर विला देस्ते. दोघंच असाल तर पासालाक्वा, डोळे झाकून.