सद्दाम की खोमेनी: आठ वर्षांच्या युद्धाचा दोष कुणाचा?

वादविवाद स्पर्धेत इराण-इराक युद्धाचा दोष इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनच्या माथी मारू की इराणचे सर्वोच्च नेते खोमेनींच्या, असं भाचीने विचारलं. दोघांच्या प्रचाराकडे दुर्लक्ष करून पाहू.

सुरुवातीबद्दल वाद नको. इराणशी सीमेबद्दल झालेला 1975चा अल्जिअर्स करार मोडून 22 सप्टेंबर 1980ला सद्दामनेच सैन्य इराणात घुसवलं.

लांबवलं कुणी? इथे पारडं फिरतं. मे 1982मध्ये इराणने इराकच्या ताब्यात गेलेलं खोर्रमशहर परत मिळवलं, जूनमध्ये सद्दाम माघारीला तयार झाला. खोमेनी ऐकेनात, जुलैत इराकमधल्या बसऱ्याच्या दिशेने इराणची चढाई झाली. पुढे सहा वर्षं माणसं मरत राहिली आणि शेवटी सीमा होती तिथेच! सुरक्षा परिषदेचा 1987चा युद्धबंदीचा ठराव 598 इराणने जुलै 1988मध्ये स्वीकारला, तोही विषाचा प्याला म्हणत.

साधनांत दोघंही काळेच. सद्दामने विषारी वायू सोडला, हलब्जात तर स्वतःच्याच देशातल्या कुर्दांवर. खोमेनींच्या राजवटीने कोवळी पोरं सुरुंगांवर धाडली. माझ्या मते सद्दाम इथे जास्त दोषी.

तेव्हा विषय आक्रमणाचा किंवा युद्धगुन्ह्यांचा असेल तर सद्दामला धर. ‘युद्ध इतकं का चाललं’ असा असेल, तर 1982 नंतरचा हिशोब खोमेनींकडे माग.