वकील बदलून आठ महिने झाले, तो अनुभव

आमचा वाटणीचा दावा. यावल तालुक्यातली सव्वाचार एकर काळी, त्यात एक विहीर, आणि चुलत्यांशी बोलणं बंद. वकील वडिलांच्या ओळखीचे. घरी कार्य असलं की पहिलं ताट त्यांना. तारखेचं विचारलं की म्हणायचे, "तू नको येऊस, मी बघतो."

एकदा केळीला पाणी सोडून बांधावर बसलो होतो, सहज ई-कोर्ट्सच्या ॲपवर आमच्या दाव्याचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा १६ अंकी-अक्षरी ओळख क्रमांक) टाकला. तिथे दिसलं: वादी (म्हणजे आम्ही) व वकील गैरहजर, वादीचा पुरावा बंद. म्हणजे आता आम्हाला साक्ष-पुरावा देता येणार नाही. मला फोनवर "पुढची तारीख पडली" एवढंच सांगितलं होतं. तारीख पडली होती, हे खरंच!

नवीन वकीलबाईंनी आधी एकच विचारलं, "जुन्यांची सही मिळेल का?" नव्या वकीलपत्रावर जुन्या वकिलांनी 'हरकत नाही' लिहून सही केली की काम दोन मिनिटांचं. नाही केली तरी अडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे पक्षकार स्वतः लेखी अर्ज देऊन, कोर्टाच्या परवानगीने आधीचं वकीलपत्र संपवू शकतो. तोंडी "उद्यापासून तुम्ही नको" म्हटल्याने मात्र काही होत नाही. कोर्टाच्या लेखी तेच तुमचे वकील राहतात.

खरी अडचण फाइलची. "राहिलेली फी आणा, फाइल न्या," असं कारकुनाकरवी सांगितलं. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलंय. फी बाकी असेल तर त्यांनी ती वेगळी वसूल करावी. मी भांडलो नाही. हिशेब लेखी मागितला, फाइलही लेखी मागितली, पत्र रजिस्टर पोस्टाने. आई एवढंच म्हणाली, "कागद आपला शे ना?"

अकराव्या दिवशी फाइल मिळाली. लाल फीत, आत सातबारे, वडिलांच्या अक्षरातली तारखांची यादी, आणि माझ्या सह्या केलेले तीन कोरे कागद. ते तिथेच फाडले. हिशेबात निघालेले साडेचार हजार दिले, पावती घेतली. सहीही झाली, चहाही झाला. चहा फार गोड होता.

ग्राहक मंचात जायचं डोक्यात होतं. पण वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा १४ मे २०२४ चा निकाल आहे. गैरवर्तन असेल तर बार कौन्सिलकडे तक्रार, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली. ती मी केली नाही. आईला ते बरं वाटलं नसतं.

आता फरक सांगतो. पुरावा बंदचा आदेश रद्द करून घेतला, ५०० रुपये कॉस्ट (कोर्टाने लावलेला खर्च) भरून. सरतपासाचं, म्हणजे माझ्या साक्षीचं, शपथपत्र सही करण्याआधी मला वाचून दाखवलं, त्यात गट नंबर चुकला होता, तो मीच पकडला. तारीख संपली की संध्याकाळी मेसेज येतो. पण फी दुसऱ्यांदा भरली आणि बाईंना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. दावा पळत सुटलाय असंही नाही, उलटतपास अजून बाकी आहे.

फाइलमध्ये आजोबांचं मूळ खरेदीखत नव्हतं. जुने वकील म्हणतात दिलं, मी म्हणतो नाही. शेवटी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातून सही-शिक्क्याची नक्कल काढली. ती आता आईच्या पत्र्याच्या पेटीत आहे, बाईंकडे झेरॉक्स.