तोयामाच्या खेड्यात नळीचे मटण: इमिझूतील एका हलाल दुकानाचा अनुभव

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर तोयामा नावाचा प्रांत आहे आणि त्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या जोहाना या गावी आम्ही चार वर्षांपासून राहतो. ताकाओकाहून निघालेली जेमतेम ३० किलोमीटरची एकेरी रेल्वे येथे येऊन संपते आणि पुढे गोकायामाच्या उतरत्या छपरांच्या घरांकडे जाणारा घाटरस्ता सुरू होतो. मासळीची येथे ददात नाही. थंडीत हिमी बंदराचा बुरी मासा आणि वसंतात काजव्यासारखी चमकणारी छोटी माकुळी तोयामाच्या आखातातून ताजी येते. अडचण होती ती मटणाची. मांस मिळत नाही असे नव्हे, मांस भरपूर मिळते. परंतु ते ज्या रीतीने कापलेले असते, त्यातून आपला रस्सा होत नाही. ही अडचण ज्या एका दुकानाने बऱ्याच अंशी सोडवली, त्याच्याविषयी गुणदोषांसह लिहीत आहे, कारण या भागात नोकरीनिमित्त नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांकडून मला पहिल्या महिन्यातच हा प्रश्न विचारला जातो.

आधी येथील सुपरमार्केटविषयी सांगणे भाग आहे, कारण तेथे काय मिळते हे समजल्याशिवाय दुकानाची किंमत कळत नाही. येथे बहुतेक पाकिटांवर पदार्थाचे नाव ठळक असते: हे शाबुशाबूसाठी, हे सुकियाकीसाठी, हे तळण्यासाठी, हे करीसाठी. चॉपस्टिक्सने उचलता यावा आणि उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवताच शिजावा असा कागदासारखा पातळ काप काढणे ही येथील मांसविक्रेत्याची खरी कला आहे, आणि ती पाहताना मन थक्क होते. मात्र 'करीसाठी' म्हणून ठेवलेल्या पाकिटातही हाडाचा मागमूस नसतो. आमच्या घरी गाईचे व डुकराचे मांस खात नाहीत, त्यामुळे काउंटरचा मोठा भाग तसाही आमच्या उपयोगाचा नाही. उरते ती कोंबडी. तिची मांडी, म्हणजे 'मोमो', येथे हाड काढून परंतु कातडे ठेवून विकतात. आपल्याकडे याच्या नेमके उलट करतात: कातडे सोलून टाकतात आणि हाड जपतात. एवढा एक फरक लक्षात आला की परदेशी स्वयंपाकघरातला अर्धा गोंधळ उलगडतो.

यातून मार्ग नाही असे नाही. 'तेबामोतो' या नावाने पंखाचा खांद्याकडचा भाग हाडासह बाराही महिने मिळतो, आणि 'तोरिगारा' म्हणजे मांस काढून घेतलेला कोंबडीचा सांगाडा सूपसाठी अगदी स्वस्तात विकला जातो. सांगाडा आले-लसूण आणि हळद घालून तासभर उकळायचा, तो गाळून अळणी पाणी तयार ठेवायचे आणि त्यात तेबामोतो शिजवायचे, अशा रीतीने केलेल्या रश्श्याला अंग येते. कोंबडीची कलेजी तर हृदयासह एकाच पाकिटात, आपल्याकडच्यापेक्षा स्वच्छ मिळते. सुरुवातीची दोन वर्षे आम्ही यावरच काढली.

दुसरा मार्ग गावातल्या जुन्या मांसविक्रेत्याचा. वयस्कर पतिपत्नी दोघेच दुकान चालवतात आणि दुपारनंतर बटाट्याचे कोरोक्के तळतात. हाडासकट मांडीचे तुकडे करून द्या, हे मी त्यांना मोडक्या जपानीत अनेकदा सांगून पाहिले, आणि दर वेळी ते नम्रपणे हाड काढूनच देत, कारण गिऱ्हाइकाला हाड देणे म्हणजे काम अर्धवट सोडणे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पुढे एका शेजारीणबाईंनी मला 'मिझुताकी' हा शब्द शिकवला. हा क्यूशूकडचा, कोंबडीच्या पांढऱ्या रश्श्याचा पदार्थ. तो हाडासकट तुकड्यांशिवाय होतच नाही, आणि अशा तुकड्यांना 'होनेत्सुकी बुत्सुगिरी' म्हणतात. मी दुकानात जाऊन फक्त "मिझुताकीसाठी" एवढे म्हटले आणि आजोबांनी लगेच सुरा बाजूला ठेवून जाड पात्याचा सत्तूर घेतला. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते की येथे भागाचे नाव घेऊ नका, पदार्थाचे नाव घ्या. थंडीच्या दिवसांत, म्हणजे शेगडीवर भांडे ठेवून सर्वांनी मिळून जेवण्याच्या हंगामात, हेच तुकडे सुपरमार्केटातही दिसतात.

मटणाची गोष्ट मात्र वेगळी आहे. जपानी भाषेत 'मातोन' हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ प्रौढ मेंढीचे मांस असा होतो. होक्काइदोमध्ये 'जिंगिसुकान' नावाने ते घुमटाकार तव्यावर भाजून खातात, आणि त्यासाठी गोल गुंडाळी करून गोठवलेले मांस चकत्या कापून विकले जाते. पहिल्या वर्षी मी आनंदाने असे एक पाकीट आणले आणि त्याचा काळ्या मसाल्यात रस्सा केला. वाटी गार होऊ लागताच वरची चरबी मेणासारखी थिजली आणि घरातल्या कोणालाही ते जेवण गेले नाही. माझे माहेर शिरूर तालुक्यातले. वाडे बोल्हाईच्या देवीला मानणारी आमच्याकडची घरे बोकड वर्ज्य मानून मेंढीचेच खातात आणि पुण्यात त्याला 'बोल्हाईचे मटण' म्हणून स्वतंत्र ओळख आहे. त्यामुळे मेंढीविषयी मला अढी नव्हती. चूक प्राण्याची नव्हती, कापाची होती: हाड नाही, नळी नाही आणि पातळ चकतीला चिकटलेली चरबी मात्र भरपूर.

आता इमिझूविषयी. तोयामा आणि ताकाओका या दोन शहरांच्या मधोमध, समुद्राकाठी हे छोटे शहर आहे. १९९० च्या दशकापासून येथील बंदरातून जुन्या मोटारी रशियाला पाठवण्याचा व्यापार वाढला आणि त्यानिमित्ताने अनेक पाकिस्तानी कुटुंबे येथे स्थायिक झाली. राष्ट्रीय महामार्ग ८ च्या दोन्ही बाजूंना मोटारींची आवारे, मशीद, पाकिस्तानी खाणावळी आणि किराणा दुकाने आहेत. जपानी खवय्ये या भागाला कौतुकाने 'इमिझुस्तान' म्हणतात. आमच्या घरापासून हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे, आणि तोनामीच्या भातशेतीतून महामार्ग १५६ ने ताकाओकापर्यंत व पुढे ८ ने गेले की तासाभरात पोहोचता येते. ज्या दुकानाविषयी मी लिहीत आहे ते तेथलेच, एका मोटारींच्या आवाराला लागून असलेले, बाहेरून गोदामासारखे दिसणारे आहे.

आत शिरताच डावीकडे डाळी, पिठे आणि मसाले आहेत, त्यांविषयी एवढेच पुरे की सुके खोबरे वगळता सर्व काही मिळते. खरा ऐवज मागच्या भिंतीलगतच्या आडव्या फ्रीझरांत आहे. तेथे ऑस्ट्रेलियाहून आलेले शेळीचे मांस हाडासह चौकोनी तुकड्यांत, एक-एक किलोच्या पाकिटांत मिळते. मला ते गेल्या खेपेस किलोला १८०० येनांच्या आसपास पडले. शेजारी मेंढीची अखंड रान, चापा, पाय आणि खिमा असतो. मुंडी आणि भेजा मात्र मला तेथे आजवर दिसलेले नाहीत, आणि वजडी कधी असते, कधी नसते. ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या शेळ्यांपैकी पुष्कळशा मोकळ्या माळरानावर अर्धरानटी वाढलेल्या असतात, त्यामुळे मांस कमी चरबीचे, गडद रंगाचे आणि चिवट असते. कोवळ्या बोकडाची अपेक्षा ठेवून गेल्यास निराशा होईल. पण चव शेळीची आहे, आणि पहिल्या उकळीला जो वास घरभर पसरला तो ओळखून माझ्या मुलीने खोलीतून धावत येऊन आजीचे नाव घेतले.

दोष सांगणेही आवश्यक आहे. पाकिटातले तुकडे गोठलेल्या अवस्थेत विजेच्या करवतीवर कापलेले असतात. आपल्याकडे खाटीक लाकडी ओंडक्यावर सांधा पाहून सत्तूर चालवतो, म्हणून नळी शाबूत राहते आणि प्रत्येक वाट्यात मांडी, सीना, चाप आणि नळी यांचा थोडा थोडा अंश जाणूनबुजून टाकता येतो. करवतीला सांधा दिसत नाही. हाडाचा भुसा मांसाला चिकटतो, कडा धारदार होतात आणि लहान मुलांच्या ताटात बारीक कपच्या येण्याचा धोका राहतो. पाकिटावर 'शेळी' एवढेच लिहिलेले असते, भागाचा उल्लेख नसतो. एका पाकिटात मला मानेचे तुकडे जवळपास निम्मे मिळाले. एकदा तर पाकिटाच्या तळाशी रक्ताचा गोठलेला थर होता, याचा अर्थ ते वाटेत कोठेतरी वितळून पुन्हा गोठले होते. मी ते दाखवताच दुकानदारांनी विनातक्रार बदलून दिले, तरीही ते फ्रीझरमध्ये असायलाच नको होते. घेताना पाकीट उलटे करून तळ पाहावा.

या सर्व दोषांवर मला सापडलेला उपाय त्याच दुकानात आहे. दुकानदारांशी हिंदी-उर्दूत मोकळेपणाने बोलता येते आणि 'रान', 'दस्ती' (म्हणजे खांद्यासह पुढचा पाय), 'गर्दन', 'सीना', 'नल्ली' हे त्यांचे शब्द आपल्याला लगेच कळतात. ते मला 'बाजी', म्हणजे ताई, म्हणतात. तिसऱ्या खेपेला मी त्यांना विचारले की तयार तुकड्यांऐवजी शेळीची अख्खी रान आणि दस्ती मिळेल का. "बाजी, दो दिन पहले फ़ोन कर दीजिए," एवढेच त्यांनी सांगितले. तेव्हापासून मी बुधवारी फोन करते आणि शनिवारी जाते. ते अखंड रान आणि दस्ती वेगळी काढून ठेवतात, आणि नळीचे हाड दोन बोटांच्या अंतरावर करवतीने कापून हवे असल्यास तेवढेच कापून देतात. उरलेले काम घरी होते: रान रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, ती अर्धवट सैल झाली की सांध्यातून सुरी फिरवायची. पहिल्या वेळी मला दोन तास लागले, आता पाऊण तास लागतो. एका शुक्रवारी दुपारी आम्ही बंद दरवाजासमोर उभे राहिलो होतो, म्हणून हेही सांगते की नमाजच्या वेळी दुकान बंद असते.

हलाल म्हणून काही ओळखीच्या घरांनी संकोच व्यक्त केला, तेव्हा मी त्यांना एवढेच सांगितले की आपल्या गावगाड्यात बोकड कापण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मुलाण्याकडेच होते. मराठी घरांतील जत्रेचे मटण त्याच हाताखालून आलेले आहे.

शिजवण्याविषयी दोन गोष्टी. जपानी प्रेशर कुकरला शिट्टी नसते. दाब आल्याची खूण वर येते आणि तेथून मिनिटे मोजायची असतात. आईला फोनवर "किती शिट्ट्या?" हे विचारून उपयोग होत नाही. या शेळीला माझ्या कुकरमध्ये पूर्ण दाबावर ४० मिनिटे लागतात, मेंढीच्या रानेला २५ पुरतात. दुसरी गोष्ट, करवतीचे तुकडे घेतलेच असतील तर ते वाहत्या पाण्याखाली एकेक करून बोटाने घासून धुवावेत आणि अळणी पाणी बारीक गाळणीतून गाळून घ्यावे. माझे सासर कोल्हापूरकडचे, त्यामुळे पांढऱ्या रश्श्यात एखादी कपची आली तर ती लपत नाही.

याच दुकानातील आणखी एक वस्तू मला मटणाइतकीच मोलाची वाटते. तेथे 'हार्ड चिकन' या नावाने अख्खी गोठवलेली कोंबडी मिळते. ही अंडी देऊन निवृत्त झालेली कोंबडी असते. जपानी लोक तिला 'ओयादोरी' म्हणतात. ब्रॉयलरच्या मऊ मांसाची सवय असलेल्याला ती चामड्यासारखी वाटेल, परंतु पिवळसर चरबी, घट्ट मांस आणि रश्श्याला येणारी दाट चव या तिन्ही बाबतींत ती गावरान कोंबडीच्या जितकी जवळ जाते, तितकी येथील दुसरी कोणतीही कोंबडी जात नाही. 'जिदोरी' नावाची नामांकित देशी कोंबडीही मिळते, जिला नियमाप्रमाणे किमान ७५ दिवस वाढवावे लागते, पण तिची किंमत पाहता ती रश्श्यात घालणे जिवावर येते.

हिवाळ्यात जाता येत नाही, तेव्हा हेच दुकान गोठवलेला माल कुरियरने पाठवते. जपानची शीत-कुरियर सेवा उणे १५ अंशांखाली माल घरपोच आणते आणि संध्याकाळी सातनंतरची वेळही निवडू देते, याची स्तुती करावी तेवढी थोडी आहे. बर्फात गाडलेल्या आमच्या दारात पेटी दगडासारखी कडक अवस्थेत आली आहे. एका पेटीला १५ किलोची मर्यादा आहे आणि हशील आम्हा तीन मराठी-गुजराती घरांत वाटून घेतले तरच परवडते. मात्र कुरियरने अखंड रान मागवली तर ती कोणत्या आकाराची येईल हे आपल्या हातात राहत नाही, म्हणून आषाढातल्या, श्रावणाआधीच्या शेवटच्या रविवारसाठी मी नेहमी स्वतःच जाते. मासेवाल्याकडून मागून घेतलेली थर्माकोलची पेटी, तिच्यात बर्फाच्या पिशव्या, आणि परतताना वाटेत कोठेही न थांबणे, एवढी तयारी त्यासाठी पुरते. यंदा दस्तीबरोबर चार पायही सांगून ठेवले आहेत. ते भाजून साफ केलेले असतात, पण खुरांच्या बेचक्यात केस राहतात, तेव्हा गॅसच्या ज्योतीवर एकदा फिरवून मगच कुकरमध्ये टाकावेत.