बॅफिलोमायसिन ए१: कुपी रिकामी नसते!
पेशींतली कचरा पचवण्याची क्रिया (ऑटोफॅजी) अडवणारं हे रसायन. १० मायक्रोग्रॅमची कुपी उघडली, तर आत काहीच दिसेना. वैतागून पुरवठादाराला फोन लावणार, तेवढ्यात लॅबमधली ताई म्हणाली, "अगं, आधी सेंट्रिफ्यूज तरी कर!" तळाशी पुसटसा पापुद्रा निघाला. १६० मायक्रोलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवला की १०० मायक्रोमोलर स्टॉक (पुढे पातळ करून वापरायचं द्रावण) तयार. हेला पेशींना (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कर्करोगपेशी) १०० नॅनोमोलर, ४ तास. लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या कचरा पचवणाऱ्या पिशवीत, आम्लता आणणारा प्रोटॉन पंपच बंद पडतो. कचरा पचत नाही, नुसता साचतो. ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) एलसी३-२ या ऑटोफॅजी दाखवणाऱ्या प्रथिनाची पट्टी अशी ठसठशीत उमटली म्हणता! ३-एमए हे ऑटोफॅजी रोखणारं दुसरं रसायन मिलिमोलरमध्ये ओतावं लागतं, त्यापेक्षा हे बरं. महाग आहे खरं. पार्सलमधला बर्फ मात्र पाणी होऊन आला, रेटिंगमधला एक तारा त्याचाच कापला. पेशींवर रात्रभर ठेवू नका, माझ्या अर्ध्या पेशी सकाळी तरंगत होत्या.