ब्लेझर एकच घ्यायचा तर नेव्ही की काळा?

काळा ब्लेझर संध्याकाळच्या रिसेप्शनला उठून दिसतो. दिवसा त्याची अडचण होते. वेगळी घेतलेली काळी पँट त्याच्याशी सहसा जुळत नाही. एक काळा तांबूस, दुसरा निळसर, आणि उन्हात हा फरक लगेच कळतो. त्यापेक्षा मध्यम करडी पँट आणि पांढरा शर्ट बरा.

नेव्ही करड्या, बेज, ऑलिव्ह अशा कुठल्याही पँटवर चालतो. आकाशी शर्ट, तपकिरी बूट, त्याच छटेचा पट्टा, झालं. मरून टाय लावणार असाल तर वरच्या खिशातला रुमाल पांढराच ठेवा. टायच्याच कापडाच्या रुमालाचा सेट दुकानदार गळ्यात मारतात, तो नको. फक्त नेव्हीवर नेव्ही पँट टाळा. दोन वेगळ्या सुटांचे अर्धे भाग चुकून एकत्र आल्यासारखे दिसतात.