रेडियमचं नाव, लाखेची टेप: जुन्या टूररची सजावट पावसाळ्यानंतर

अनुस्वार गेला. ‘भटकंती’ नावाच्या सायकलीवर आता ‘भटकती’ उरलंय, आणि तेही शुद्धच वाटतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. चीड त्याचीच जास्त.

सायकल रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळ्यांची, लगवाली (नळ्यांच्या सांध्यांवर धातूच्या खोबण्या असलेली) ब्रिटिश टूरर, म्हणजे लांब प्रवासाची सायकल. रंग टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक लेप. नाव वरच्या दांडीवर, रेडियमवाल्याकडून कापून क्लिअरच्या वर चिकटवलेलं.

रेडियमवाल्याचा दोष निम्माच. दांडी २५.४ मिलिमीटर जाड, म्हणजे घेर ८० मिलिमीटर. बाजूनं एका नजरेत नीट वाचता येतो तो पाव घेर, २० मिलिमीटर. इंग्रजी अक्षरांना तेवढा पुरतो. आपल्याला त्यातच वेलांटी, शिरोरेखा, अक्षर आणि असलाच तर उकार कोंबायचा. मग अक्षराचं अंग १२ मिलिमीटरवर येतं आणि अनुस्वाराचा अडीच मिलिमीटरचा ठिपका होतो. एवढ्याशा ठिपक्याला गोंद तो किती? त्यात गोल नळीवर रेडियम सतत सपाट व्हायला बघतं. फ्रेम-बॅगेचा वेल्क्रो पट्टा त्यावर घासला की संपलं.

कापायच्या फाइलमध्येच अनुस्वार शिरोरेखेला जोडून घ्या. वाईट दिसतो, पण टिकतो. नाहीतर एनॅमलचा थेंब टाचणीच्या डोक्यानं ठेवा, फुकटात काम होतं. नाव अजून ठरायचं असेल तर ‘पवन’, ‘सहल’ असं वर-खाली काही नसलेलं बघा. अक्षर थेट १६ मिलिमीटरचं मिळतं. ब्रेक केबलच्या क्लिपा आधी बसवा, मगच जागा ठरवा. मास्किंग टेपची सरळ रेघ मारून शिरोरेखा तिला लावा. एक टोक मिलिमीटरभर जरी चढलं तरी रोज डोळ्यांत खुपतं.

सीट-नळीवरचं ५३१ चं स्टिकर वॉटरस्लाइड, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचं, क्लिअरच्या खाली. त्याच्या किमतीला सुरुवातीला नावं ठेवली होती. आता पैसे वसूल म्हणतो, कारण त्याला ओरखडासुद्धा नाही. आधी जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसायची, सिलिकॉन पॉलिशचा अंश राहिला तर क्लिअरला खड्डे पडतात. स्टिकर कोमट पाण्यात अर्धा मिनिट, मग सरकवून मऊ कापडानं मधून कडेला पाणी काढायचं, एक दिवस वाळवायचं. क्लिअरचे पहिले दोन हात अगदी हलके. पहिलाच ओला मारला तर थिनर शाई आवळतो. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, तेव्हा घरच्या गॅलरीत हौस नको, रंगवाल्याकडूनच मारून घ्या.

आणि ५३१ चं स्टिकर बघून घ्या. फक्त मुख्य नळ्यांचं वेगळं, फोर्क (पुढचा चिमटा) आणि स्टे (मागच्या चाकाकडच्या बारीक नळ्या) यांसकट पूर्ण फ्रेमचं वेगळं. तीन नळ्यांच्या फ्रेमवर पूर्ण फ्रेमचं लावणं ही शुद्ध थाप.

लगच्या कडेची सोनेरी रेघ बारीक ब्रशनं, एनॅमलची, क्लिअरच्या वर. पेंट मार्कर स्वस्त पडतो, पण त्यावर क्लिअर मारलं की शाई पसरते.

हँडलच्या सुती टेपवर चपडा लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून चार पातळ हात. दमट हवेत लावली तर पांढरट पडते, म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरकावं. पाऊस तिनं बिनतक्रार झेलला. सॅनिटायझर लावलेला ओला हात मात्र टेकवू नका. त्यातल्या अल्कोहोलनं लाख मऊ होते आणि तळवा टेपला चिकटतो.